सेट झालेली इपॉक्सी पुन्हा दाबून नवी कशी करायची: डायसल्फाइड व्हिट्रिमर, वजन करण्यापासून टेस्टिंगपर्यंत

इपॉक्सी एकदा सेट झाली की विषय संपला असं आपण सगळेच शिकलोय. तापवली तर वितळत नाही, अजून तापवली तर सरळ करपते, सॉल्व्हंटमध्ये टाकली तर फार तर फुगते. आतल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या गाठींनी बांधलेल्या असतात, क्रॉसलिंक म्हणतो ते हेच. आता या गाठी गरम झाल्यावर जागा बदलू शकल्या, एका साखळीवरून सुटून शेजारच्या साखळीला जाऊन बसल्या तर? जाळं जाळंच राहतं पण त्याला नवा आकार देता येतो, तुकडे करून परत एकजीव करता येतं. अशा मटेरियलला व्हिट्रिमर म्हणतात. हे नाव पॅरिसच्या ईएसपीसीआय या विज्ञान संस्थेतल्या लुडविक लाइबलर यांच्या ग्रुपने २०११ मध्ये दिलं, कारण त्यांची इपॉक्सी तापवल्यावर काचेसारखी हळूहळू मऊ होत गेली, प्लास्टिकसारखी एकदम ढासळली नाही.

हे सगळं लॅबमध्ये फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात, करायचं काम आहे, घरच्या टेबलावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि दुसरं, यातला बनवायचा भाग खरं तर सोपा आहे, एका दिवसात होतो. अवघड आहे ते आपण बनवलंय ते खरंच व्हिट्रिमर आहे हे सिद्ध करणं. पावडर दाबून चकती झाली, फोटो काढला, झालं रिसायकल, असं बरेच जण धरून चालतात. मीही चाललो होतो, तो किस्सा खाली येईल.

कोणती केमिस्ट्री घ्यायची

पर्याय बरेच आहेत. लाइबलरवाल्या मूळ पद्धतीत इपॉक्सीसोबत फॅटी ॲसिड किंवा ॲनहायड्राइड आणि झिंकचं कॅटॅलिस्ट असतं, गाठी एस्टरच्या असतात आणि ट्रान्सएस्टरिफिकेशनने, म्हणजे एस्टरच्या बंधांच्या अदलाबदलीने, जागा बदलतात. चालतं छान, पण झिंकचं मीठ रेझिनमध्ये नीट विरघळवणं ही डोकेदुखी आहे, आणि कॅटॅलिस्ट कमीजास्त झालं की पुढचे सगळे आकडे हलतात. इमाइनवाली (कार्बन-नायट्रोजनच्या दुहेरी बंधांची) पद्धत आहे, तिला कॅटॅलिस्टच लागत नाही, पण काही इमाइन पाण्यानेही मऊ पडतात, त्यामुळे दमट हवेत ठेवलेलं सॅम्पल आणि कोरडं सॅम्पल यांचे रिझल्ट वेगवेगळे येतात आणि आपण विनाकारण आठवडाभर कारण शोधत बसतो. डील्स-आल्डर नावाच्या रिॲक्शनची पद्धत तर त्याहून जुनी, २००२ मध्ये फ्रेड वुडल यांच्या ग्रुपने फ्युरान आणि मॅलेइमाइडवर दाखवलेली, पण तिथे गाठी तापल्यावर आधी सुटतात आणि थंड होताना पुन्हा बांधल्या जातात, म्हणजे मधल्या काळात जाळं खरोखर विस्कटतं. व्हिट्रिमरमध्ये नवा हात धरल्याशिवाय जुना सोडायचा नाही असा नियम असतो, म्हणून गाठींची संख्या कायम राहते.

मी सुरुवातीला ॲरोमॅटिक डायसल्फाइड घ्या म्हणेन. कॅटॅलिस्ट नाही, सॉल्व्हंट नाही, नेहमीची बिस्फेनॉल-ए इपॉक्सी चालते, फक्त हार्डनर बदलायचा. हार्डनर म्हणजे ४-अमिनोफिनाइल डायसल्फाइड, दोन बाजूला अमाइन आणि मधे गंधक-गंधक बंध. तो मधला बंध गरम झाल्यावर शेजारच्या तशाच बंधाशी अदलाबदल करतो. स्पेनमधल्या सिडेटेक या संस्थेने २०१६ मध्ये या सिस्टिमवर सविस्तर काम दाखवलं, तेव्हापासून ही जवळजवळ सगळ्यांची पहिली रेसिपी झालीये. आता कोणी चोखंदळ माणूस म्हणेल की डायसल्फाइडची अदलाबदल रॅडिकलमार्गे (बंध तुटून सुटे झालेले तुकडे) होते, म्हणजे क्षणभर का होईना बंध तुटतोच, मग "आधी धरा मग सोडा" हा नियम कुठे राहिला. बरोबर आहे त्याचं. पण एका वेळी तुटलेले बंध इतके कमी असतात की व्यवहारात हे व्हिट्रिमरसारखंच वागतं.

वजनाचा हिशोब

इथे चूक झाली की पुढे काहीच वाचवत नाही म्हणून नीट बघा. रेझिनच्या डब्यावर किंवा डेटाशीटवर इपॉक्सी इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे एका इपॉक्सी गटामागे किती ग्रॅम रेझिन, दिलेलं असतं, साधारण १८२ ते १९२ च्या मधे. समजा तुमचं १८८ आहे. हार्डनरचं मॉलिक्युलर वेट २४८.४, त्यात अमाइनचे चार हायड्रोजन, म्हणजे एका हायड्रोजनमागे ६२.१ ग्रॅम. एका इपॉक्सीला एक हायड्रोजन लागतो. तर १५ ग्रॅम रेझिनला १५ भागिले १८८ गुणिले ६२.१, म्हणजे ४.९५ ग्रॅम हार्डनर. एकूण २० ग्रॅमच्या आसपास माल होतो, पहिल्या वेळेला तेवढा पुरे. एकदम १०० ग्रॅम करायला जाऊ नका, इपॉक्सी सेट होताना स्वतःच उष्णता सोडते आणि मोठ्या गोळ्यात ती आत अडकून बसते.

थोडा हार्डनर जास्त घालतात काही जण, १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे एकही इपॉक्सी उरू नये. चालेल, पण मग ते लिहून ठेवा आणि सगळ्या बॅचला तेच ठेवा.

आणि कंट्रोल सॅम्पल, म्हणजे तुलनेसाठीचं साधं सॅम्पल. हे टाळू नका, प्लीज. तीच रेझिन, तसाच ॲरोमॅटिक अमाइन हार्डनर, पण मधे डायसल्फाइड नसलेला. डायएथिल टोल्यूइन डायअमाइन, म्हणजे डीईटीडीए, यासाठी सोयीचा कारण तो लिक्विड असतो. त्याचा एका हायड्रोजनमागचा आकडा ४४.६, म्हणजे १५ ग्रॅम रेझिनला ३.५६ ग्रॅम. हा जरा आळशी हार्डनर आहे, त्याला जास्त तापमान आणि जास्त वेळ द्यावा लागतो.

मिक्सिंग आणि क्युअरिंग

रेझिन ८० अंश सेल्सियसला गरम करा. हार्डनर साधारण ७५-७८ अंशाला वितळतो म्हणून ८० ला तो पिवळसर पावडरमधून रेझिनमध्ये विरघळत जातो, ढवळत राहा, तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत. अर्धवट विरघळलेलं ओतलं तर मोल्डमध्ये ठिपके दिसतात आणि त्या ठिपक्यांपासूनच सॅम्पल मोडतं.

मग व्हॅक्युम. भांडं एक तृतीयांशच भरलेलं असू द्या कारण फेस जोरात वर येतो, आणि एकदा का व्हॅक्युम ओव्हनच्या तळाला इपॉक्सी सांडली की लॅबमध्ये पुढचे सहा महिने तुमचं नाव निघत राहतं. ॲरोमॅटिक अमाइन सावकाश रिॲक्ट होतो त्यामुळे घाई करायची गरज नाही, पण रेंगाळूही नका, माल जाड व्हायला लागला की बुडबुडे आतच अडकतात.

मोल्ड सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा, आधीच गरम केलेला. ओता, १२० अंशाला अडीच तास, मग १५० ला दोन तास. नंतर ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्या, बाहेर काढून एकदम गार केलं तर पातळ पट्ट्या वाकतात.

क्युअर, म्हणजे सेट होणं, पूर्ण झालं का हे एफटीआयआरवर (इन्फ्रारेड प्रकाशाने बंध ओळखणारं मशीन) बघा. ग्राफवर ९१५ च्या आसपासचा इपॉक्सीचा पीक गेला पाहिजे, तुलनेला १५१० चा ॲरोमॅटिक पीक धरा कारण तो बदलत नाही. ९१५ वर थोडं जरी शिल्लक असेल तर नंतर प्रेसमध्ये २०० अंशाला उरलेली इपॉक्सी तिथे रिॲक्ट होईल, पावडरचे कण त्यामुळे चिकटतील, आणि तुम्हाला वाटेल डायसल्फाइडने काम केलं. माझा घोळ हाच झाला होता. पहिली चकती इतकी सुंदर आली की मी दोन दिवस खुशीत होतो, मग कुणीतरी विचारलं कंट्रोल दाबून बघितलास का, बघितलं, तर कंट्रोलचीही चकती झाली! दोन्ही अर्धकच्चे होते. सगळं परत पहिल्यापासून.

तीन तापमानं, आणि त्यांच्यामधली जागा

प्रेसकडे जाण्याआधी तीन आकडे माहीत हवेत. पहिला टीजी, म्हणजे काच रबरासारखी व्हायला लागते ते तापमान, या सिस्टिममध्ये १३० च्या आसपास येतं. दुसरं, अदलाबदल आपल्या कामाच्या वेगाने व्हायला लागते ते तापमान. तिसरं, माल खराब व्हायला लागतो ते. पहिल्या दोघांच्या वर आणि तिसऱ्याच्या पुरेसं खाली, तिथे प्रेस चालवायचा. या मालासाठी ते २०० अंशाच्या आसपास बसतं.

टीजीएचा, म्हणजे तापवत तापवत वजन मोजणाऱ्या मशीनचा, ग्राफ बघून "३०० पर्यंत काही होत नाही" असं म्हणू नका. टीजीए दर मिनिटाला १० अंशाने पळत असतं, त्या तापमानाला सॅम्पल क्षणभरच असतं. तुम्ही प्रेसमध्ये मिनिटंच्या मिनिटं ठेवणार आहात, तेही चार-पाच वेळा. त्यामुळे टीजीएवर एकच तापमान धरून अर्धा तास वजन कमी होतंय का ते बघा, तो आकडा खरा कामाचा.

वापराच्या बाजूनेही टीजी महत्त्वाचा आहे. टीजीच्या खाली साखळ्याच गोठलेल्या असतात, गाठींना जागा बदलायची इच्छा असली तरी हलायला वाव नसतो, म्हणून वस्तू आकार धरून राहते. टीजीच्या वर वापरायची असेल तर वजनाखाली ती हळूहळू सरकत जाणार, त्याला इलाज नाही. वेगाने रिसायकल होणारं आणि गरम जागी अजिबात न सरकणारं असं दोन्ही एकदम हवं असं कोणी मागितलं तर सांगा की बाबा यातलं एक निवड.

तोडायचं आणि पुन्हा दाबायचं

हातोडीने फोडा, मग ग्राइंडरमध्ये बारीक करा. मास्क लावा, धूळ फुफ्फुसात जायला नको. इथे एक गंमत दिसेल, फोडलेल्या जागी माल हिरवट होतो! घाबरू नका, मार बसल्यावर गंधकाचे बंध तुटून रॅडिकल तयार होतात त्यांचा तो रंग, तसंच ठेवलं की आपोआप उतरतो. कंट्रोलमध्ये हा रंग येत नाही, म्हणजे डबे अदलाबदल झाले नाहीत ना याची फुकटात खात्री.

पावडर ८० अंशाला व्हॅक्युममध्ये रात्रभर सुकवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग चकतीत बुडबुडे का आले विचारतात.

आता फ्रेम. समजा ४० गुणिले ४० मिलिमीटरची आणि १ मिलिमीटर जाडीची. आतली जागा १.६ घन सेंटीमीटर, मालाची घनता साधारण १.२ धरली तर १.९ ग्रॅम लागतो. तुम्ही २.१ घ्या. थोडा जास्त का, तर माल कमी असला की सगळा दाब स्टीलची फ्रेम झेलते आणि पावडरवर काहीच येत नाही, गेज मात्र तुम्हाला छान आकडा दाखवत बसतो. वर-खाली टेफ्लॉनची शीट आणि मग स्टील प्लेट. टेफ्लॉन २६० च्या वर नेऊ नका.

दाबाचा हिशोब पण करून ठेवा कारण पेपरमध्ये बारमध्ये लिहिलेलं असतं आणि लॅबचा प्रेस टनात दाखवतो. १०० बार म्हणजे १० मेगापास्कल, १६०० चौरस मिलिमीटरवर ते १६ किलोन्यूटन, म्हणजे १.६ टन. १०० चा आकडा वाचून काटा तसाच फिरवला तर काय होईल ते सांगायला नको.

प्रेस २०० अंशाला, आधी दाब न देता ५ मिनिटं माल तापू द्या, मग दोन-तीनदा दाब देऊन सोडा म्हणजे हवा निघते, मग पूर्ण दाब आणि १० मिनिटं. सिडेटेकच्या कामात ५ मिनिटांतही झालेलं आहे, पण आपली पावडर तेवढी बारीक नसते आणि प्लेटच्या आतलं तापमान गेजवरच्या तापमानापेक्षा मागे असतं. थंडही दाबाखालीच करायचं, १०० च्या खाली आलं की सोडा. गरम असतानाच सोडलं तर आत दाबलेली हवा फुगते आणि चकती फोडासारखी उठते.

चकती उजेडासमोर धरा. कणांच्या कडा दिसत असतील, खडबडीत काचेसारखं, तर वेळ कमी पडला. एकसंध पण गडद तपकिरी आणि गंधकाचा वास, तर तापमान जास्त झालं. बुडबुडे गोल आणि सगळीकडे, तर ओलावा. एकाच बाजूला धूसर, तर प्लेट समांतर नाहीत, प्रेसवाल्याला बोलवा.

खरंच व्हिट्रिमर आहे का

डीएमए (तापवत ताणून-वाकवून माल किती कडक आहे ते मोजणारं) मशीन असेल तर स्ट्रेस रिलॅक्सेशन करा, म्हणजे ताणून धरल्यावर आतला जोर कसा उतरतो ते बघा. टीजीच्या किमान २०-३० अंश वर, १ टक्का ताण द्या, तो तसाच धरून ठेवा आणि आतला जोर किती वेळात सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर येतो ते बघा. चार-पाच तापमानांना हेच करा, वेळेचा लॉग आणि तापमानाचा व्यस्त असा ग्राफ काढा, सरळ रेष आली पाहिजे, उतारावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी निघते. तिचा उपयोग फक्त पेपरमध्ये टाकायला नाही. समजा ८० किलोज्यूल प्रति मोल आली, तर १६० वरून १८० ला गेल्यावर काम साधारण २.७ पट वेगाने होतं, म्हणजे प्रेसची वेळ ठरवायला हाच आकडा वापरायचा. टीजीला अगदी चिकटून टेस्ट करू नका, तिथे साखळ्यांचा स्वतःचा आळस मधे येतो आणि रेष वाकते.

डीएमए नसेल तर साधी टेस्ट आहे, माझ्या मते जास्त बोलकी. १ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या, ४० मिलिमीटर व्यासाच्या जाड रॉडला १८० अंशाला गुंडाळा, तारेने बांधा, तासभर ओव्हनमध्ये, मग बांधलेलीच थंड करा. सोडली की गोल राहील. इथेच थांबून टाळ्या वाजवू नका! कंट्रोलची साधी इपॉक्सी पट्टीसुद्धा, तिच्या टीजीच्या वर तापवून वाकवली तर, इथपर्यंत गोलच राहते, कारण गरम असताना वाकवून थंड केलं की ती तात्पुरती गोठते. खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत. दोन्ही पट्ट्या मोकळ्या, न बांधता, आपापल्या टीजीच्या थोड्या वर पाच-दहा मिनिटं ठेवा. कंट्रोल सरळ होऊन बसते, तिला जुना आकार आठवतो. व्हिट्रिमर गोलच राहते कारण तिच्या गाठी नव्या आकारात बसून गेलेल्या असतात. बारीक रॉड घेतला तर पट्टी मोडेल, रबरी अवस्थेत हा माल फार ताणला जात नाही.

रिसायकल झालेल्या चकतीचे गुण मोजताना फक्त मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, देऊन मोकळे होऊ नका. खोलीच्या तापमानाला मॉड्युलसला गाठींचं फार काही पडलेलं नसतं, अर्धवट चिकटलेली चकतीही चांगला मॉड्युलस दाखवते. तुटण्याचा जोर आणि तुटताना किती ताणली गेली हे बघा, कणांमधले कच्चे जोड तिथेच उघडे पडतात. गाठी टिकल्या का हे बघायला टीजीच्या वरचा सपाट मॉड्युलस घ्या, तो गाठींच्या घनतेशी थेट जोडलेला असतो. टीजी पहिल्यापेक्षा ५ अंशांहून जास्त खाली आला तर मी तरी त्याला रिसायकल म्हणणार नाही, खराब झालं म्हणेन.

आणि सॉल्व्हंट टेस्ट. तुकडा वजन करून साध्या डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये टाका, दोन दिवसांनी काढून पूर्ण सुकवून परत वजन. जवळजवळ तेवढंच आलं पाहिजे. फुगेल, पण विरघळता कामा नये.

विरघळवून परत मिळवायचं असेल तर

आत कार्बन फायबर असेल तर दाबून उपयोग नाही, फायबर लहान होत जातात. तिथे डीएमएफमध्ये २-मर्कॅप्टोइथेनॉल घालतात. हा छोटा थायॉल (गंधक-हायड्रोजनचा गट असलेला रेणू) डायसल्फाइडच्या गाठीशी स्वतःच अदलाबदल करतो, त्याचं प्रमाण भरपूर असल्यामुळे एकेक गाठ सुटत जाते आणि खोलीच्या तापमानालाच साधारण दिवसभरात माल विरघळतो, कापड जसंच्या तसं निघतं. कंट्रोल तसाच पडून राहतो.

पण याचा वास म्हणजे विचारू नका, एक थेंब बाहेर सांडला की अख्खा मजला तुम्हाला शोधत येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा विषारी आहे आणि त्वचेतून आत जातो, डीएमएफही तसंच, आणि नेहमीचे नायट्राइल ग्लोव्हज डीएमएफपुढे काही मिनिटंच टिकतात. ब्युटिल रबरचे वापरा. सगळं हूडमध्ये, झाकण लावून. थायॉल लागलेली काचेची भांडी हूडमध्येच पातळ ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, वास जातो. मात्र उरलेलं सोल्युशन ब्लीचमध्ये ओतू नका, ते वेगळ्या वेस्ट बाटलीत, घट्ट बंद, वर नाव आणि तारीख. आणि त्या ब्लीचच्या आसपास ॲसिडची बाटली नको, क्लोरीन सुटतो.

कच्ची रेझिन आणि हार्डनर दोन्हींची ॲलर्जी बसू शकते, एकदा बसली की आयुष्यभर. उरलेला कच्चा माल डस्टबिनमध्ये न टाकता ओव्हनमध्ये पूर्ण सेट करा आणि मगच टाका. किंवा टाकू नकाच, बारीक करून पुढच्या चकतीत घाला.